परदेशातल्या घराचा आठवा हिस्सा

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड असलेलं तीन बेडरूमचं घर, मागे लिंबाची झाडं, बाजूला पोहण्याचा तलाव; आणि मागितलेली किंमत पूर्ण घराच्या फक्त एक-अष्टमांश. वर्षातले सहा आठवडे घर तुमचं, उरलेले दिवस आणखी सात कुटुंबांचं. अशी जाहिरात आज पुण्यात किंवा दुबईत बसलेल्या मराठी माणसाच्या मोबाइलवरही येऊ शकते. तिच्यामागचा विचार साधा आहे आणि खोटाही नाही. सुटीसाठी घेतलेलं घर वर्षातले दहा-अकरा महिने कुलपात असतं. कर, विमा, माळी, गळती यांचा खर्च मात्र बाराही महिने चालू असतो. ज्याला सहाच आठवडे राहायचं आहे, त्याने बावन्न आठवड्यांचे पैसे का मोजावेत?

इथपर्यंत सगळं ठीक आहे. अडचण पुढे येते. ‘एक-अष्टमांश’ हा आकडा सगळ्या जाहिरातींत सारखाच दिसतो, पण त्याच्या आड अगदी वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. कुठे सरकारी नोंदवहीत तुमचं नाव लागतं, कुठे फक्त राहण्याची मुभा मिळते. कुठे हिस्सा विकता येतो, कुठे तो पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात पडतो. म्हणून या लेखाचं सांगणं एकच आहे: अशा खरेदीत घर पाहण्याआधी करार वाचावा आणि करारात सर्वांत आधी बाहेर पडण्याचं कलम शोधावं.

साठ वर्षांची वाट

सुटीचं घर वाटून वापरण्याची पद्धत युरोपात रुजली. १९६३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग ही कंपनी निघाली. तिचे भाग घ्यायचे, दरवर्षी गुण मिळवायचे आणि त्या गुणांवर कंपनीच्या निरनिराळ्या ठिकाणच्या घरांपैकी कुठेही राहायचं, अशी तिची रीत होती. ठरावीक घरावर कोणाचाच हक्क नव्हता. त्याच दशकात फ्रेंच आल्प्समधल्या स्युपरदेव्होलुई या बर्फावरच्या खेळांच्या वसाहतीत दुसरी रीत पुढे आली: ठरावीक सदनिका, ठरावीक आठवडा, दरवर्षी तोच. हॉटेलातली खोली वर्षानुवर्षं भाड्याने घेण्यापेक्षा तिचा आठवडाच विकत घ्या, असा तिचा प्रचार होता. पुढे जगभर पसरलेल्या टाइमशेअरचा हा मूळ नमुना.

अमेरिकेत ही कल्पना सत्तरच्या दशकात फोफावली. १९७४ मध्ये इंडियानापोलिस शहरात आरसीआय ही अदलाबदल करून देणारी कंपनी सुरू झाली. फ्लोरिडातला आपला आठवडा देऊन दुसरीकडचा आठवडा घ्यायची सोय झाल्यामुळे ‘दरवर्षी त्याच जागी जायचं का?’ हा ग्राहकाचा आक्षेप विरघळला. भारतात ऐंशीच्या दशकात स्टर्लिंगने आणि नव्वदच्या दशकात महिंद्रा हॉलिडेजने सुटीची सभासदत्वं विकायला सुरुवात केली. त्यामुळे मराठी मध्यमवर्गाला यातली एक तऱ्हा चांगलीच ओळखीची आहे.

या धंद्याची काळी बाजूही लवकरच दिसली. मोफत जेवणाच्या किंवा सहलीच्या आमिषाने जोडप्यांना बोलवायचं, चार-पाच तास बसवून ठेवायचं आणि ‘ही किंमत फक्त आजच’ असं सांगत सही घ्यायची, ही विक्रीची पद्धत युरोपभर कुप्रसिद्ध झाली. त्याहून घातक होती कराराची मुदत. अनेक करारांना शेवटच नव्हता. वय झाल्यावर प्रवास थांबला तरी देखभालीचं वार्षिक बिल येत राहिलं, आणि फुकट देऊ केलेला आठवडाही कोणी घेईना.

कायद्याला यात पडावं लागलं. स्पेनने १९९८ च्या कायद्याने अशा करारांची मुदत कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ५० वर्षं ठरवली. तरीही काही कंपन्यांनी बेमुदत करार विकणं चालू ठेवलं. ग्रॅन कॅनेरिया बेटावरच्या एका वसाहतीचा असाच करार नॉर्वेच्या एका ग्राहकाने न्यायालयात नेला आणि जानेवारी २०१५ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला. त्या निकालाने इतर हजारो ग्राहकांना दाद मागण्याचा रस्ता मिळाला. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशाने आणखी दोन संरक्षणं दिली. सही केल्यावर १४ दिवसांच्या आत कारण न देता करार मोडता येतो, आणि तोवर विक्रेत्याने एक युरोही आगाऊ घ्यायचा नाही. एखादा विक्रेता ‘आजच बयाणा भरा’ म्हणत असेल, तर दोन शक्यता राहतात: तो कायदा मोडतो आहे, किंवा त्याची योजना त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर बसवलेली आहे. दोन्ही बाबतींत सावध व्हायला हवं.

२०२० मध्ये अमेरिकेत पकासो ही कंपनी सुरू झाली आणि जुन्या कल्पनेला नवं रूप मिळालं. इथे हॉटेलसारखी वसाहत नव्हती. एक स्वतंत्र घर घ्यायचं, ते एका छोट्या कंपनीच्या नावावर करायचं, त्या कंपनीचे आठ भाग पाडून विकायचे आणि कामकाज ॲपवरून चालवायचं, अशी तिची मांडणी आहे. युरोपातही याच धर्तीवर घरं विकणारे उभे राहिले. आजच्या बहुतेक जाहिराती या घराण्यातल्या आहेत.

हिस्सा नेमका कशाचा?

बाजारात जे काही ‘हिस्सा’ म्हणून विकलं जातं, त्याचे चार ढोबळ प्रकार करता येतात.

पहिला, वापराचा हक्क. यात ठरावीक वर्षांसाठी ठरावीक दिवस राहायला मिळतं. जमिनीशी आणि इमारतीशी तुमचा मालक म्हणून संबंध नसतो. मुदत संपली की हक्क संपतो. हा एक प्रकारे सुटीचा आगाऊ भरलेला खर्च आहे आणि त्याच नजरेने त्याची किंमत जोखावी.

दुसरा, क्लबाचं सभासदत्व किंवा गुण. इथे घरं अनेक, हक्क सामायिक. लवचीकता खूप, पण गर्दीच्या आठवड्यांसाठी सभासदांची चढाओढही तेवढीच. किती गुणांत किती दिवस मिळतील, हे बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, ते नियमावलीत पाहावं.

तिसरा, थेट सहमालकी. खरेदीखतात तुमचं नाव असतं आणि देशाच्या जमीन नोंदणीत तुमचा अविभक्त हिस्सा नोंदला जातो. मालकी म्हणून हा सर्वांत भक्कम प्रकार. मात्र सहमालकीचा त्या देशातला सर्वसाधारण कायदा आपोआप लागू होतो, आणि तो पुढे पाहू तसा दुधारी असतो.

चौथा, घर धरून ठेवणाऱ्या कंपनीचा भाग. नोंदवहीत मालक म्हणून कंपनी, आणि तुम्ही कंपनीचे भागधारक. हिस्सा विकताना घराचं खरेदीखत पुन्हा करावं लागत नाही, ही सोय. पण कंपनीची देणी, तिचे हिशेब, तिचे कर हे सगळं तुमच्या वाट्याला येतं. फ्रान्समध्ये कुटुंबं आणि मित्रमंडळी घर घेताना ‘एससीआय’ नावाची नागरी कंपनी सर्रास काढतात. तिच्यात एक खाच आहे. आपल्याकडच्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी मर्यादित जबाबदारी तिथे नसते. कंपनीचं कर्ज फिटलं नाही, तर भागधारकाला आपल्या हिश्श्याच्या प्रमाणात स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. शिवाय अशा कंपनीने घर सामानसुमानासह नेमाने भाड्याने दिलं, तर तिला कंपनीकर लागू होऊ शकतो आणि करांचं सगळं गणित बदलतं.

सोबत राहायची सक्ती नाही

कोकणातल्या सामाईक घराची कथा मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. कागदावर पंधरा-वीस नावं. कौलं बदलायची म्हटलं तर एकाची संमती नसते आणि विकायचं म्हटलं तर दुसऱ्याची सही मिळत नाही. परक्या देशातल्या, परक्या माणसांबरोबरच्या सहमालकीत हाच पेच असतो. भर पडते ती वेगळ्या भाषेची आणि वेगळ्या कायद्याची.

फ्रान्सच्या नागरी संहितेतलं ८१५ वं कलम सांगतं की कोणालाही अविभक्त मालकीत राहण्याची सक्ती करता येत नाही. स्पेनच्या संहितेतलं ४०० वं कलम हाच नियम मांडतं: कोणताही सहमालक केव्हाही वाटणी मागू शकतो. घराचे आठ तुकडे तर करता येत नाहीत. म्हणून एकमत झालं नाही, तर शेवट बहुधा न्यायालयाच्या देखरेखीखालच्या विक्रीत होतो. आपल्याकडेही १८९३ च्या वाटणी कायद्याने न्यायालयाला अशा प्रसंगी विक्रीचा आदेश देता येतो.

हा नियम तुमचं रक्षण करतो, कारण तुम्हाला कोणी कायमचं अडकवून ठेवू शकत नाही. तोच नियम तुमच्यावर उलटू शकतो, कारण आठांपैकी एकाचा घटस्फोट झाला किंवा दिवाळं निघालं तरी सगळ्यांचं घर विक्रीला निघू शकतं. यावर उपाय म्हणून काही वर्षं वाटणी न मागण्याचा करार करता येतो. स्पेनमध्ये असा करार एका वेळी १० वर्षांपर्यंत चालतो आणि पुन्हा वाढवता येतो. फ्रान्समध्ये ठरावीक मुदतीचा करार ५ वर्षांपर्यंत आणि नूतनीकरणाची सोय. एखाद्याने हिस्सा बाहेरच्याला विकायला काढला, तर इतर सहमालकांना तो प्राधान्याने घेण्याचा हक्क दोन्ही देशांत कायद्यानेच आहे. फ्रान्समध्ये त्यासाठी एक महिना मिळतो. मुंबईत बसून एका महिन्यात पैसे पाठवायचे असतील, तर बँकेचे कागद आधीपासून तयार असलेले बरे.

भारतातून पैसे पाठवताना

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परदेशात घर घेता येतं. त्याचा मुख्य मार्ग म्हणजे रिझर्व्ह बँकेची एलआरएस योजना. एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीला २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. पती, पत्नी आणि इतर नातेवाईक आपापल्या मर्यादा एकत्र करू शकतात. पैसे मात्र स्वतःचे हवेत, कारण या योजनेखालच्या भांडवली व्यवहारांसाठी भारतीय बँकांनी कर्ज द्यायचं नाही, असा नियम आहे.

आता आधीच्या चार प्रकारांकडे पुन्हा पाहा. तिसरा प्रकार, म्हणजे नोंदवहीत स्वतःच्या नावाने हिस्सा, स्थावर मालमत्तेच्या खरेदीत सरळ बसतो. चौथ्या प्रकारात तुम्ही परदेशी कंपनीचे भाग विकत घेता. त्याला २०२२ चे परदेशी गुंतवणुकीचे नियम लागतात, आणि त्यात स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री हाच ज्या परदेशी संस्थेचा धंदा आहे तिच्यात भारतातून गुंतवणूक करायला मनाई आहे. फक्त सुटीचं घर सांभाळणारी कंपनी या नियमांना अपेक्षित असलेला खराखुरा व्यवसाय करते का, हाही प्रश्न उभा राहतो. विक्रेता युरोपातला किंवा अमेरिकेतला असला की त्याला भारतीय नियमांची कल्पना नसते आणि तसं त्याचं कर्तव्यही नाही. म्हणून परकीय चलन कायद्याचं काम करणाऱ्या सीएचं लेखी मत घेतल्याशिवाय कंपनीच्या भागांचे पैसे पाठवू नयेत.

दुसरा मुद्दा उगमस्थानी गोळा केल्या जाणाऱ्या कराचा, म्हणजे टीसीएसचा. १ एप्रिल २०२५ पासून अशा कारणासाठी वर्षाला १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस घेते. तो तुमच्या आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो, पण पैसे पाठवायच्या दिवशी ती रक्कम हाताशी लागते.

तिसरा मुद्दा विवरणपत्राचा. भारताचा रहिवासी करदाता असाल तर परदेशी मालमत्तेची माहिती विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दरवर्षी द्यावी लागते, उत्पन्न शून्य असलं तरी. ती लपवली किंवा राहून गेली, तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. छोट्या परदेशी मालमत्तांना ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंत सवलत मिळाली आहे, पण त्या सवलतीतून स्थावर मालमत्ता वगळलेली आहे. म्हणजे घराचा हिस्सा लहान असला तरी नोंद अटळ.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला एलआरएसची मर्यादा लागू नाही. परदेशात अनिवासी असताना घेतलेली मालमत्ता कायमचं भारतात परतल्यावरही ठेवता येते. फेमा या परकीय चलन कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे. दुबई किंवा लंडनमध्ये नोकरी करून पुण्यात परतायचा विचार असलेल्यांनी खरेदीची वेळ ठरवताना हे ध्यानात घ्यावं.

एका रात्रीचा खरा दर

एक उदाहरण मांडू. आकडे समजून घेण्यापुरते आहेत. समजा घराची किंमत ६,००,००० युरो, म्हणजे एक-अष्टमांश हिस्सा ७५,००० युरोंचा. हस्तांतरण कर, नोंदणी, वकील आणि कंपनीचं शुल्क मिळून १५ टक्के धरले, तर खर्च ८६,२५० युरोंवर जातो. १ युरो म्हणजे १०० रुपये धरले, तर हे झाले ८६ लाख २५ हजार रुपये. एकाच व्यक्तीने एकाच वर्षात पाठवले, तर १० लाखांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस म्हणजे आणखी १५ लाख २५ हजार. व्यवहाराच्या दिवशी एक कोटी रुपयांहून थोडे अधिक जवळ हवेत.

आता वार्षिक खर्च. देखभाल, विमा, स्थानिक कर, व्यवस्थापकाचा पगार यांतला तुमचा वाटा ३,००० युरो धरू. घरात अडकलेल्या ८६,२५० युरोंवर दुसरीकडे ६ टक्के मिळाले असते, असं समजलं तर ते ५,१७५ युरो. एकूण ८,१७५ युरो दरसाल. एक-अष्टमांश हिश्श्यात साधारण ४४ रात्री येतात. त्या सगळ्या वापरल्या तर रात्रीचा दर सुमारे १८६ युरो. तीन बेडरूमच्या घरासाठी आणि दोन कुटुंबांसाठी हा दर चांगलाच म्हणावा. पण नोकरीतून मिळणारी रजा दोनच आठवड्यांची असेल तर त्याच १४ रात्रींचा दर ५८४ युरोंवर जातो. तसंच घर भाड्याने रात्रीला ३०० युरोंत मिळत असेल, तर तुम्हाला वर्षाला किमान २७-२८ रात्री तिथे राहावं लागेल, तेव्हा खरेदी आणि भाडं यांची बरोबरी होईल. घराची किंमत वाढली तर गणित सुधारतं. घटली किंवा रुपया वधारला तर बिघडतं. विमानाचं भाडं यात धरलेलंच नाही.

काही खर्च जाहिरातीत दिसत नाहीत. स्पेनमध्ये राहत नसलेल्या मालकाने घर भाड्याने दिलं नाही, तरी घराच्या सरकारी मूल्याच्या १.१ किंवा २ टक्के इतकं उत्पन्न त्याला मिळालं असं मानून कर घेतात. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला तो २४ टक्के दराने बसतो. फ्रान्समध्ये मुख्य निवासावरचा ‘ताक्स दाबितास्यों’ हा स्थानिक कर २०२३ पासून रद्द झाला, पण दुसऱ्या घरांवर तो कायम आहे, आणि घरटंचाई असलेल्या गावांना त्यावर ६० टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो. जुनं घर घेताना तिथे नोंदणीखर्च म्हणून किमतीच्या सात-आठ टक्के वेगळे काढावे लागतात.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. घराचा हिस्सा असल्याने राहण्याचा परवाना मिळत नाही. भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसा काढावाच लागतो आणि १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर राहता येत नाही. मालमत्ता घेणाऱ्यांना निवासाची सोय देणारी पोर्तुगालची वाट २०२३ मध्ये आणि स्पेनची एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली.

दिवस कोणाचे, निर्णय कोणाचा

आठ कुटुंबांना ऑगस्टचा तोच आठवडा हवा असतो. त्यासाठी तीन पद्धती रूढ आहेत. ठरावीक आठवड्याच्या पद्धतीत भांडण नाही, पण बदलही नाही. फिरत्या पाळीत प्रत्येकाचे आठवडे दरवर्षी थोडे पुढे सरकतात, त्यामुळे काही वर्षांत सगळे ऋतू सगळ्यांच्या वाट्याला येतात. तिसरीत निवडीचा क्रम दरवर्षी बदलतो. या वर्षी पहिला असलेला पुढच्या वर्षी शेवटी जातो.

महाराष्ट्रातल्या कुटुंबाला इथे एक नैसर्गिक फायदा आहे. युरोपातल्या शाळा जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतात, तर आपल्या मुलांची मोठी सुटी मे महिन्यात आणि दुसरी दिवाळीत येते. भूमध्य समुद्राकाठी मे महिना सुखद असतो आणि तेव्हा घरासाठी ओढाताण कमी असते. ऋतूनुसार दिवसांना कमी-जास्त वजन देणारा करार असेल, तर जुलै सोडून मे घेणाऱ्याला जादा दिवस मिळू शकतात. ही गोष्ट वाटाघाटीतच मागून घ्यावी.

दिवसांपेक्षा अवघड प्रश्न पैशांचे. हाउसिंग सोसायटीत ज्यांनी सिंकिंग फंडावरून झालेल्या सभा पाहिल्या आहेत, त्यांना पुढची यादी ओळखीची वाटेल. छताच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखीव निधी किती? किती मतांनी खर्च मंजूर होतो? एखाद्याने वर्गणी थकवली, तर त्याचे दिवस थांबतात का, आणि त्याचा वाटा तोवर कोण भरतं? पाहुणे पाठवायची मुभा आहे का? आपले न वापरलेले दिवस भाड्याने देता येतात का?

यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न व्यवस्थापकाबद्दल आहे. घर विकणारी कंपनीच पुढे व्यवस्थापन करत असेल, तर सहमालकांना बहुमताने तिला काढून दुसरा व्यवस्थापक नेमता आला पाहिजे. ती कंपनी उद्या बुडाली, तर घर तिच्या मालमत्तेत गणलं जाणार की तुमच्या? घराची मालकी आणि घराची व्यवस्था यांचे कागद स्वतंत्र असतील, तर हा धोका बराच कमी होतो.

विकताना आणि मागे ठेवताना

पूर्ण घराला गिऱ्हाईक मिळतं तसं हिश्श्याला सहज मिळत नाही. घेणारा फक्त घर पाहत नाही. तो उरलेल्या सात जणांना आणि त्यांच्या करारालाही पारखतो. बँका हिश्श्यावर कर्ज द्यायला फारशा उत्सुक नसतात, म्हणून रोख पैसे देऊ शकणारेच ग्राहक उरतात. याचा परिणाम किमतीवर होतो: पूर्ण घर ६,००,००० युरोंना विकलं जात असतानाही आठवा हिस्सा ७५,००० ला जाईलच, असं नाही.

म्हणून करारात तीन कलमं असावीत. एक, हिस्सा केव्हापासून आणि कोणत्या पद्धतीने विकता येईल, विक्रीवर कंपनी किती दलाली घेईल. दोन, सहमालकांनी हिस्सा घ्यायचा ठरवलं तर किंमत कोण ठरवणार. त्रयस्थ मूल्यांकनकार असेल तर उत्तम. तीन, ठरावीक वर्षांनंतर, समजा दहा वर्षांनी, पूर्ण घर बाजारात आणून पैसे वाटून घेण्याची तारीख. हे तिसरं कलम हिश्श्याला खरी किंमत मिळवून देतं. कारण अखेर एक दिवस पूर्ण घराचा भाव मिळणार, हे प्रत्येक संभाव्य ग्राहकाला ठाऊक असतं.

वारसांचा विचारही सहीआधीच व्हावा. फ्रान्समध्ये मुलांचा मालमत्तेतला किमान वाटा कायद्याने राखीव असतो: एक मूल असेल तर निम्मा, दोन असतील तर दोन-तृतीयांश, तीन किंवा अधिक असतील तर तीन-चतुर्थांश. पत्नीच्या नावाने सगळं ठेवू म्हणणाऱ्या भारतीयाला हा धक्का असतो. युरोपीय संघाच्या वारसाविषयक नियमावलीनुसार ऑगस्ट २०१५ पासून मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडता येतो. मृत्युपत्रात अशी एक ओळ घातल्याने बराच गुंता टळू शकतो, जरी फ्रान्सने २०२१ मध्ये काही परिस्थितींत मुलांच्या बाजूने नवी तरतूद केली आहे. भारतात १९८५ पासून वारसाकर नाही, म्हणून तो परदेशातही नसेल असं मानू नये. फ्रान्समधल्या घरावर तो फ्रान्सच्या नियमांनी लागतो. अमेरिकेत तर तिथे न राहणाऱ्या परदेशी व्यक्तीच्या मालमत्तेपैकी फक्त पहिले ६०,००० डॉलर मृत्युकरातून मुक्त असतात.

गावाचाही आवाज असतो

सुटीचं घर कोणाच्या तरी गावात असतं. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यातल्या सेंट हेलेना या छोट्या शहराने पकासोची पद्धत म्हणजे टाइमशेअरच आहे आणि आमच्याकडे टाइमशेअरला बंदी आहे, अशी भूमिका घेतली. २०२१ मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं. शेजाऱ्यांची तक्रार समजण्यासारखी होती. रोज ओळखीचा चेहरा दिसावा अशा गल्लीत दर आठवड्याला नवी गाडी येते आणि गावात काम करणाऱ्या शिक्षकाला, वाढप्याला घर परवडेनासं होतं. बार्सिलोनाने पर्यटकांना द्यायच्या सदनिकांचे परवाने २०२८ अखेरपर्यंत संपवायचं ठरवलं आहे. एप्रिल २०२५ पासून स्पेनमध्ये इमारतीतली सदनिका पर्यटकांना नव्याने भाड्याने द्यायची असेल, तर सोसायटीची तीन-पंचमांश मतांची संमती लागते. ‘न वापरलेले दिवस भाड्याने देऊन खर्च काढा’ हे आश्वासन ऐकताना हे बदल समोर असावेत.

काही देशांत परक्याला मुळात हक्कच तोकडा मिळतो. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही. इमारतीतली सदनिका घेता येते, पण परदेशींच्या ताब्यात इमारतीचं ४९ टक्क्यांपर्यंतच क्षेत्र जाऊ शकतं. मेक्सिकोत समुद्रकाठच्या ५० किलोमीटरच्या पट्ट्यातलं घर बँकेच्या न्यासामार्फतच धरावं लागतं. स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ आणि खासगी कागद करून ठेवू, असं कोणी सुचवलं तर तिथेच थांबावं. तो कागद न्यायालयात उभा राहत नाही.

मग हा हिस्सा कोणी घ्यावा? निवृत्त झालेलं किंवा स्वतःच्या वेळेवर ताबा असलेलं जोडपं, ज्याची मुलं युरोपात आहेत, जे त्याच परिसरात वर्षाला महिनाभर राहायला जातं आणि ज्याला ते पैसे दहा वर्षं दुसरीकडे लागणार नाहीत, त्याने जरूर विचार करावा. दोन आठवड्यांच्या रजेत दरवर्षी नवा देश पाहायची हौस असलेल्याने भाड्याच्या घरात आनंदाने राहावं. त्यात कमीपणा काही नाही आणि पैसेही वाचतात. ज्यांचा निर्णय होत आला आहे, त्यांनी निदान एकदा त्याच गावात, आपल्याला जो महिना मिळणार आहे त्याच महिन्यात घर भाड्याने घेऊन राहून पाहावं. मग विक्रेत्याकडे दोनच कागद मागावेत: त्या योजनेतल्या आधीच्या मालकांनी आपले हिस्से किती काळात आणि किती किमतीला विकले त्याचा तपशील, आणि सहमालकांचा संपूर्ण करार. हे दोन्ही कागद विनासायास हातात ठेवणाऱ्या विक्रेत्याशी पुढचं बोलणं करावं. जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडचं घर कितीही सुंदर असलं तरी ते घेऊ नये.